एकदाच विचारलं

मिनेसोटातल्या आमच्या नॉर्डाल गावात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. 'हो' म्हणायचाही फारसा रिवाज नाही. मी शिकागोहून लग्न करून इथे आले त्याला आता माझी नातवंडं शाळेत जायला लागण्याइतका काळ लोटला, तरी गावाच्या लेखी मी अजून 'ती शिकागोची'च आहे. कारण एकच. मला कुणी काही विचारलं की मी उत्तर देते.

इथे आले त्या वर्षी शेजारची आर्लीस टोलेफसन मला भेटायला आली होती. मी कॉफी विचारली. ती म्हणाली, नको, कशाला त्रास. मी म्हटलं बरं, आणि किटली परत जागेवर ठेवली. बाई तासभर कोरड्या तोंडाने बसली, माझ्या पडद्यांचं कौतुक केलं आणि घरी जाऊन स्वतःची कॉफी करून प्यायली. संध्याकाळी सासूने मला बाजूला घेऊन समजावलं. पहिलं 'नको' रीतीचं असतं, दुसरं संकोचाचं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस जे बोलतं ते त्याचं उत्तर. एवढी साधी गोष्ट शिकागोत शिकवत नाहीत याचं तिला फार नवल वाटलं होतं.

तेव्हापासून आर्लीस माझी मैत्रीण आहे, आणि तेव्हापासून मी तिला प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा विचारत आले आहे. उंच, हाडकुळी, कारखान्यात जातानासुद्धा इस्त्रीचा ब्लाऊज घालणारी बाई. हॉटेलात कोंबडी मागितली आणि मासा आला तर मासा खाणार, आणि वर आचाऱ्याला निरोप पाठवणार की छान झाला होता. एकदा दातांच्या डॉक्टरने तिचा भलताच दात कोरला. दुसऱ्या दिवशी ही त्याला लिंबाच्या वड्या घेऊन गेली, कारण बिचाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं असेल. दुखरा दात तसाच होता, पण तो विषय डॉक्टरांसमोर काढणं बरं दिसलं नसतं.

ही बाई ऐन तारुण्यापासून ब्रूडविक यांच्या कारखान्यात कामाला होती. तिथे बर्फ उपसायची फावडी बनत. आर्लीस शेवटच्या टेबलावर बसायची आणि प्रत्येक दांड्यावरून तळवा फिरवून कुठे कुसळ राहिलंय का ते बघायची. राहिलं असेल तर ते आधी तिच्या हातात जायचं. मिनेसोटातल्या निम्म्या लोकांनी अंगणातला बर्फ कुसळ न लागता उपसला, त्याचं श्रेय या तळव्याला आहे, पण असं कुणी तिला म्हटलं तर ती दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुढे करील.

थोरले ब्रूडविक, म्हणजे हारलन, जुन्या वळणाचे होते. आर्लीसचा नवरा ऑर्लिन गेला तेव्हा हारलन तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, काही हवं आहे का? ती म्हणाली, काही नको. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, हवेबद्दल थोडं बोलले आणि पुन्हा विचारलं. सगळं आहे, ती म्हणाली. त्यांनी कॉफीचा दुसरा कप घेतला, तोही संपवला, आणि तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा आर्लीस म्हणाली की घर तापवायची भट्टी कालपासून बंद आहे. संध्याकाळच्या आत माणूस येऊन भट्टी दुरुस्त करून गेला. म्हातारा माझ्याशी कधी दोन शब्द बोलला नाही, पण त्याच्याबद्दल मी वाईट ऐकून घेणार नाही.

हारलन गेले आणि कारखाना त्यांच्या मुलाकडे आला, केंटकडे. केंट वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या. तो बाहेरगावी धंद्याचं शिक्षण घेऊन आला, दात पांढरे करून आला, आणि कामगारांना 'आपलं कुटुंब' म्हणायला लागला. मालक कामगारांना कुटुंब म्हणायला लागला की कामगारांनी दुसरी नोकरी शोधावी, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. पण मी शिकागोची.

एका सकाळी केंटने सगळ्यांना डोनट दिले आणि आनंदाची बातमी सांगितली. आपलं कुटुंब वाढतंय, म्हणून कारखाना ॲरिझोनाला चाललाय. जागा स्वस्त, कर कमी, आणि त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांना तिथली हवा मानवते. बर्फाची फावडी अशा ठिकाणी बनणार होती जिथे बर्फ फक्त सरबतात दिसतो. गाडीने जायचं तर तीन दिवसांचा रस्ता. ज्यांना यायचं असेल त्यांना तिथे जागा आहे, तो म्हणाला, आणि मग एकेका टेबलाशी जाऊन विचारत फिरला. बहुतेकांनी नुसती नकारार्थी मान हलवली. एक-दोघांनी 'लांब आहे' म्हटलं. आर्लीसच्या टेबलाशी आला तेव्हा त्याच्या अंगात कोट होता आणि हातात गाडीची किल्ली होती.

"तुम्ही येणार ना आमच्याबरोबर, आर्लीसबाई?" तो म्हणाला.

आता इथे हिनेही मान हलवली असती तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. पण हिला वाटलं, पोराला वाईट वाटेल. त्याला लहानपणी हिने फावड्यावर बसवून ओढत नेलं होतं. तेव्हा हिने त्याला वाईट वाटणार नाही असं एक कारण शोधून दिलं.

"मला ऊन मानवत नाही रे," ती म्हणाली.

केंटला खूप हायसं वाटलं. निरोपाच्या दिवशी त्याने सगळ्यांना एकेक फावडं भेट दिलं, म्हणजे त्याने मागे सोडलेल्या गावातला बर्फ त्यांना त्याच्याच फावड्याने उपसता यावा. आर्लीसने त्याला वाटेत खायला लिंबाच्या वड्या बांधून दिल्या.

सगळ्यांनी बेकारीच्या भत्त्यासाठी अर्ज केले आणि सगळ्यांना भत्ता मिळाला. नियम सरळ आहे. मालकच कारखाना उचलून रोज जाता-येता येणार नाही इतका लांब घेऊन गेला, तर मागे राहिलेल्या माणसाने नोकरी सोडली असं धरत नाहीत. आर्लीसला मात्र कार्यालयातून फोन आला. कंपनीने कळवलं होतं की या बाईंना तिकडे जागा देऊ केली होती, पण त्यांनी हवामानाच्या कारणावरून नाकारली. जुन्या कामगारांना भत्ता मिळाला की मालकाचा कर वाढतो, तेव्हा आठवण ठेवून एवढं कळवणं केंटला भाग होतं. फोनवरच्या मुलीने विचारलं, हे खरं का? आर्लीस म्हणाली, हो, खरं. मुलगी चांगली असावी, कारण तिने वाटही दाखवली. कारखाना लांब गेला म्हणूनच तुम्ही गेला नाहीत ना? त्यावर आमची बाई म्हणाली, छे, लांबचं काय एवढं.

उत्तर आलं की स्वतःच्या मर्जीने नोकरी सोडल्यामुळे भत्ता देता येत नाही. तिने ते मला दाखवलं आणि म्हणाली की किती नीट शब्दांत लिहिलंय बघ. मी कपाळावर हात मारून घेतला.

ऑक्टोबर संपत आला होता. साठीतल्या बाईला गावात दुसरं काम मिळेना. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात एक जागा होती, ती वसंतात रिकामी होणार होती. आर्लीसने भट्टी इतकी कमी केली की तिच्या स्वयंपाकघरात मी कोट घालून बसायचे आणि तीही. ज्या बाईला ऊन मानवत नाही तिला थंडी किती मानवते हे मला रोज बघायला मिळत होतं. असंच चाललं तर नाताळनंतर घर विकायचं आणि बहिणीच्या तळघरात जाऊन राहायचं, असं ती हवेबद्दल बोलावं तसं बोलून गेली. त्याच घरात ऑर्लिनने मरताना तिचा हात धरला होता. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो.

मी तिच्याकडून अपील करवलं. त्यासाठी मला तीनदा नाही, दहादा आग्रह करावा लागला. सुनावणी फोनवर होणार होती. न्यायाधीश, आर्लीस आणि केंट, तिघं एकाच फोनवर. केंट ऐकत असणार हे कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला.

मी तिची उजळणी घेतली. तुला एकच शब्द बोलायचाय, मी म्हटलं, 'लांब'. ते विचारतील का गेला नाहीत, तू म्हणायचं, लांब आहे. बस.

"असं कसं म्हणू?" ती म्हणाली. "लांब आहे हे त्याला माहीत नाही का? तोंडावर म्हणायचं म्हणजे टोमणा मारल्यासारखं होईल."

"मग मार की टोमणा. घर जातंय तुझं."

"त्याचे वडील काय म्हणतील, लोरेन?"

त्याचे वडील चर्चमागच्या जमिनीत होते, ऑर्लिनपासून चार पावलांवर, आणि ते काय म्हणाले असते याची मला बरीच कल्पना होती.

सुनावणीच्या सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात होते आणि फोन मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला होता. न्यायाधीशबाईंनी शपथ घ्यायला लावली आणि खोलीत आणखी कोण आहे ते विचारलं. शेजारीण आहे, कॉफी करतेय, आर्लीस म्हणाली. बसू दे, त्या म्हणाल्या, पण मध्ये बोलायचं नाही. त्यांच्या बोलण्यातला 'ओ' आमच्याकडे लांबतो तसाच लांबत होता, म्हणजे बाई याच मुलखातल्या, उत्तरेकडच्या. मी त्यावरून काही आशा धरली नाही. इथल्या दोन माणसांना खरं बोलायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट तिघांना लागणार, एवढाच माझा हिशेब होता.

त्यांनी विचारलं, कंपनीने तुम्हाला तिकडे बोलावलं होतं का? आर्लीस म्हणाली, हो, फार चांगुलपणा त्याचा. मग का गेला नाहीत?

"मला ऊन मानवत नाही," आर्लीस म्हणाली.

मी किटलीकडे पाहत बसले. न्यायाधीशबाईंनी विचारलं की तुम्ही कधी ॲरिझोनाला गेला आहात का. आर्लीस म्हणाली, नाही. मग मानवत नाही हे कशावरून? यावर आमची साक्षीदार थोडा विचार करून म्हणाली की अंदाजाने.

मग केंटची पाळी आली. त्याचा आवाज तिकडच्या उन्हात छान शेकून निघाला होता. तो म्हणाला की आर्लीसबाई आमच्या कुटुंबातल्याच, त्यांच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे, पण जे घडलं ते सांगायलाच हवं. मी स्वतः त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारलं. त्यांनी हवेचं कारण सांगितलं. कंपनीने लांबचं म्हणून कुणाला वाऱ्यावर सोडलं नाही, सगळ्यांना बोलावलं होतं.

"मिस्टर ब्रूडविक, तुम्ही नॉर्डालचेच का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो. जन्मच तिथला."

"तुम्ही यांना किती वेळा विचारलंत?"

"म्हणजे?"

"या म्हणून किती वेळा म्हणालात, असं विचारतेय."

मला वाटलं लाइन गेली.

"एकदा," केंट म्हणाला.

तुम्हाला कदाचित हे विशेष वाटणार नाही. मलाही शिकागोत वाटलं नसतं. पण इथे ज्याला बोलवायचं नसतं त्याला एकदा बोलावतात. हे केंटला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं, न्यायाधीशबाईंना ठाऊक होतं, आणि आर्लीसला तर त्याच क्षणी, त्या टेबलाशी, कळलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने कपाची कड अंगठ्याने पुसली, जसा ती दांडा तपासायची. ती उन्हाचं कारण का घेऊन बसली होती ते मला तेव्हा कुठे समजलं. कोट घालून, किल्ली हातात घेऊन एकदाच विचारणाऱ्या माणसाला त्याच्या मनातलं आपल्याला कळलंय हे तिने कळू दिलं नव्हतं. उलट दार लोटायला त्यालाच मदत केली होती.

"त्या दिवशी त्याला घाई होती, मॅडम," आर्लीस म्हणाली.

मला ओरडावंसं वाटलं. मी कोटाची बाही तोंडात धरली.

"असेल," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मला घाई नाही. मी तुम्हाला दुसऱ्यांदा विचारते. तुम्ही का गेला नाहीत?"

"ऊन," आर्लीस म्हणाली. "आणि माझ्याकडे मांजर आहे."

मांजराने मान वर करून पाहिलं. न्यायाधीशबाईंनी हे ऐकून घेतलं. आमच्याकडे आज थोडा बर्फ पडला, त्या म्हणाल्या, तुमच्याकडे पडला का? थोडासा, आर्लीस म्हणाली. आणि मग त्यांनी, अगदी हारलन ब्रूडविकांनी टोपी गुडघ्यावर ठेवून विचारलं होतं तसं विचारलं.

"आता तिसऱ्यांदा विचारते, आर्लीसबाई. का गेला नाहीत?"

आर्लीसने कप खाली ठेवला.

"लांब आहे," ती म्हणाली. "फार लांब आहे, केंट. माझं घर इथे आहे. ऑर्लिन इथे आहे. मी येणार नाही हे तुला माहीत होतं, आणि मी यावं असं तुला वाटतही नव्हतं. वाटलं असतं तर तू कोट काढून बसला असतास."

न्यायाधीशबाईंनी दोघांचे आभार मानले आणि सुनावणी संपली. आर्लीस उठली, तिने कप विसळले आणि म्हणाली की पोराला फारच लागलं असणार, मी जरा जास्तच बोलले. मी तिला सांगितलं की इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच बोललीस. ती माझ्याशी दिवसभर नीट बोलली नाही.

निकाल तिच्या बाजूने लागला. त्यात लिहिलं होतं की कारखाना इतका दूर नेल्यावर तिथे जाणं कुणाकडूनही अपेक्षित नाही, आणि बाईंनी सौजन्याने दुसरं कारण सांगितलं म्हणून अंतर कमी होत नाही. कितीदा विचारलं याचा त्यात उल्लेख नव्हता. कायद्याला अंतर मोजता येतं, आग्रह नाही. आर्लीसने तो वाचला, घडी घातली, जाऊन भट्टी वाढवली, आणि मी घरात कोट काढून बसले.

नाताळच्या आधी आम्ही दोघी तिच्याकडे लेफ्सा करत होतो, बटाट्याच्या पातळ पोळ्या, ज्या ती लाटते आणि मी जाळते. फोन वाजला. तिचे हात पिठात होते म्हणून मी तो मोठ्या आवाजावर ठेवला. केंट होता. त्याने हवा कशी आहे विचारलं. आर्लीस म्हणाली, गार आहे. तो म्हणाला, इकडे आम्ही अर्ध्या बाह्यांत आहोत. छान, ती म्हणाली. दांड्यांबद्दल तक्रारी येतायत, तो म्हणाला, लोकांच्या हातात कुसळं जातायत. त्यावर ती काही बोलली नाही, आणि मला माहीत आहे की न बोलणं तिला किती जड गेलं.

"आर्लीसबाई, तुम्ही माझ्यावर रागावलात का?" तो म्हणाला.

"छे रे. कशाला?"

आता हा फोन ठेवणार, असं मी मनात म्हटलं. त्याला हवं ते मिळालं होतं. पण त्याने ठेवला नाही. चर्चच्या भोजनाला यंदा किती लोक होते ते विचारलं, रस्ते साफ झाले का विचारलं.

"खरंच नाही ना रागावलात?"

"नाही, नाही. पोळ्या करतोय आम्ही. काम पडलंय."

तव्यावरची पोळी फुगायला लागली होती. फोनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो बसला असावा.

"तिसऱ्यांदा विचारतो," केंट म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "रागावलात का?"

आर्लीसने पोळी उलटली, काठांवर दाबली, आणि फोनकडे वळली.

"हो," ती म्हणाली.